दुसऱ्या रांगेतली जागा

१

दुपारी चार वाजता मी खोलीचं शटर उघडतो. चिखलीत धान्यबाजाराच्या मागच्या बोळीत आमच्या बँडची खोली आहे. उंद्रीहून जीपनं यायचं, कुलूप काढायचं, बाजे खुंटीवरून उतरवून चिंच अन् राखेनं घासायचे, खुर्च्या मांडायच्या. बेचाळीस वर्षं झाली. चौथीतून शाळा सोडली, त्याच्यानंतर हे एकच काम मी इमानदारीनं केलं. बाकीच्या कामात मी कामचोर होतो, हे माही बायको जिवंत होती तोवर गावभर सांगत फिरे.

पहिले आम्ही तेरा जण होतो. आता सात आहोत. बाकीचे डीजेनं खाल्ले. ट्रकावर भिंतीएवढे डबे चढवायचे अन् लोकांच्या छातीत बुक्क्या मारायच्या, याले आता वाजवणं म्हणतात. म्हणा बापा.

खुर्च्या दोन रांगेत असतात. दुसऱ्या रांगेत माह्या डाव्या हाताची जागा मी मोकळी सोडतो. तिथं खुर्ची ठेवत नाही. ती दीपकची जागा. तो सॅक्सोफोन वाजवे, मी त्याच्या बाजूले बसून मोठा बाजा वाजवतो. दम्यानं गेला, एकोणीस वर्षं झाली. मिरवणुकीत चालतानाही आम्ही तेवढी जागा सोडून चालतो. लोक विचारतात, एक माणूस आला नाही काय? आम्ही म्हणतो, नाही आला.

२

हा कायदा मास्तरचा. मास्तर म्हणजे बँडचा मालक. तो जवानीत मुंबईले एका हॉटेलात क्लॅरिनेट वाजवून आला होता. येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. अमेरिकेतला कोणी काळा माणूस, पंधरा-सोळा जणांच्या बँडाचा म्होरक्या, स्वतः पियानोवर बसे अन् गाणी स्वतः जोडे. त्याचं नाव माह्या जिभेले वळत नाही. मास्तर ते नाव घेताना पाठ सरळ करून बसे.

"हा माणूस बाज्यासाठी लिहीत नाही, पुंजा," मास्तर म्हणे. "माणसासाठी लिहिते. कोणाचा आवाज घोगरा, कोणाचा ओठ फाटका, कोणाले दम कमी, ते सगळं गाण्यात घेते. खोट असन त्याची शोभा करते."

मले पहिल्यांदा नुसता गलका वाटला. पण मास्तर रोज लावे. दहा-बारा वेळा ऐकलं, मंग एक एक माणूस वेगळा वळखू यायला लागला. एक जण रडल्यासारखं वाजवे. एक जण फुंकायच्या आधी थोडा थांबे, जसा कोणी दारात उभा राहून आत येऊ का म्हणते. एवढे लोक, सातासमुद्रापलीकडचे, अन् त्याहीचा श्वास आमच्या बोळीत ऐकू येई.

मंग मास्तरनं आमच्यासाठी तसं गाणं जोडलं. बारा मिनिटांचं. आम्ही त्याले मोठं गाणं म्हणत होतो. तेरा कागद केले, सारेगम आपल्या अक्षरात लिहिलेली. वर बाज्याचं नाव नाही, माणसाचं. अन् जिथं दम घ्यायचा तिथं बारीक खूण, प्रत्येकाची वेगळी. माह्या कागदावर ठायी ठायी रिकामी जागा.

"हे काय हो मास्तर, मले काही वाजवायलाच नाही ठेवलं?"

"तू म्हशीसारखी हवा घेतं बे. म्हशीएवढी जागा नको?"

सगळे हसले. दीपक सगळ्यात जास्त हसला, हसता हसता खोकला. त्याच्या कागदावर मधात तीन मिनिटं होती, तो एकटा अन् मागं नुसता ढोल. तेवढं ऐकायले लोक मिरवणूक सोडून आमच्या बाजूनं चालत.

३

दीपक गेला त्या दिवशी मास्तरनं त्याचा कागद माह्या हातात दिला. म्हणे, चितेवर त्याच्या हाताखाली ठेव. तो कागद त्याचा आहे, दुसऱ्यानं वाजवायचा नाही. अन् त्याची जागाही कोणी भरायची नाही.

मी ठेवला नाही.

सदऱ्याच्या खिशात कालच्या पेपराचं पान होतं. ते घडी करून दीपकच्या हाताखाली सारलं, अन् मास्तरचा कागद खिशात घातला. काऊन केलं म्हणाल तर, मले ते जळताना पाहवलं नसतं. दुसरं काही कारण नाही. कागद माह्या बाज्याच्या पेटीत अस्तराखाली राह्यला. मास्तर सहा वर्षांमागं गेला, त्यालेही सांगितलं नाही.

मोठं गाणं आम्ही वाजवत राह्यलो. दीपकची तीन मिनिटं आली की सगळे बाजे खाली. फक्त ढोल. आम्ही चालतो, ढोलवाला मोजते, अन् माह्या डाव्या हाताले मोकळी जागा चालते.

४

यंदा मास्तरचा पोरगा प्रसेनजित आला. आता बँड त्याच्या नावावर आहे. मोबाईलवर बोलत बोलतच आत आला.

"पुंजाकाका, कमिटीवाले म्हणतात, तुमच्या गाण्याच्या मधात भोक आहे. तीन मिनिटं नुसता ढोल. पब्लिकले वाटते, बँडवाले थकले."

"थकलोच आहोत. वाटू दे."

"तसं नाही काका. यंदाच्या भीमजयंतीले ते भोक बुजवा, नाहीतर ते डीजे आणून राह्यले."

"तुह्या बापानं ठेवलं ते भोक."

"बाबा आता हाय काय पाहाले?"

मी त्याले एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. तेवढ्यात दारातून समता म्हणाली, "मी वाजवते ना."

समता माही नात, पोराची पोरगी. तिचे मायबाप सुरतेले मिलात आहेत, ही लहानपणापासून माह्याजवळ. एकवीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते, रोज सकाळी पळते. दीपकचा सॅक्सोफोन खुंटीवर गंजत होता तो चार वर्षांमागं तिनंच उतरवला अन् मले शिकव म्हणाली. दीपक गेला तेव्हा ती दोन वर्षांची, मामाच्या गावी होती. त्याले तिनं कधी पाह्यलंच नाही.

"काय वाजवशीन?" मी म्हणलो. "त्याचा कागद नाही."

"आबा, तुम्ही खोटं बोलता ना, तेव्हा बाज्याच्या पेटीकडं पाह्यता."

पोट्टी हुशार आहे. अन् खरं सांगायचं तर मलेही ते तीन मिनिटं ऐकायचे होते. एकोणीस वर्षं मी ते डोक्यात ऐकत होतो. मी पेटी उघडली, अस्तर वर केलं अन् कागद तिच्या हातात दिला.

५

तिनं कागद दोनदा वाचला. मंग उजवी टाच जमिनीवर दोन वेळा आपटली, बाज्याच्या तोंडाची पत्ती डाव्या बाहीले पुसली, अन् फुंकलं.

खोलीत जुने आम्ही तिघंच. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाह्यलं नाही.

वाजवलं चांगलं. लय चांगलं. झाल्यावर मी विचारलं, "टाच आपटायचं कोणी शिकवलं तुले?"

"कोणती टाच?"

घरी येताना जीपमध्ये मी डोकं लावलं. टाच सगळेच आपटतात. पत्ती कुठंतरी पुसावीच लागते, अन् डावी बाही जवळ असते. बाजा दीपकचा, कागद दीपकचा, दमाच्या खुणा दीपकच्या. त्या खुणेवर दम घेतला तर ऐकायले तसंच येईन. यात भुताटकी कायची? मीच कधी तिले दीपकच्या गोष्टी सांगितल्या असतीन. म्हातारा माणूस दिवसभर बोलतच असते.

चौथ्या दिवशी मात्र तिनं खुणेच्या आधी दम घेतला. अर्धी मात्रा आधी. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून, बारीक शिटी वाजल्यासारखा.

हे कागदावर नाही. कागद लिहिला तेव्हा दीपक तिशीचा होता, पुरा दम होता त्याले. शेवटच्या वर्षी त्याले खुणेपर्यंत पोचणं होईना, मंग तो असा चोरून दम घेई. मास्तरलेही समोरून कळत नव्हतं. ते फक्त मले ठाऊक, काऊन की मी त्याच्या उजव्या अंगाले बसत होतो.

मी बाजा मांडीवर आडवा ठेवला. डावीकडं पाह्यलं. मोकळ्या फरशीवर अर्ध्या ओढलेल्या शटरच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, सरळ, एकीखाली एक. तिथं काही नव्हतं.

६

दीपकची बायको सिंधूताई बाजारात भाजी विकते. आठवड्यातून दोन-तीनदा आमच्या बोळीतून जाते, थांबत नाही. त्या दिवशी ती टोपलं डोक्यावर घेऊन शटरापाशी उभी होती. समता वाजवत होती.

"थांबा," सिंधूताई हळूच म्हणाली. "आता खोकला येईन."

समतानं बाजा तोंडातून काढला, दोनदा कोरडं खोकलली, अन् सूर जिथं सोडला तिथून धरला.

सिंधूताईनं टोपलं खाली ठेवलं अन् पायरीवर बसली. वाजवणं संपलं, पोरं च्या प्यायले गेले, समताही गेली. मी बाहेर येऊन तिच्या बाजूले बसलो.

"जय भीम, ताई."

"जय भीम." जरा वेळ तिनं मेथीच्या जुड्या सारख्या केल्या. "पुंजाभाऊ, तुम्ही त्याच्या हाताखाली पेपर ठेवला होता. छापील. मी पाह्यला."

मी मान खाली घातली. "मंग तेव्हा काऊन नाही बोलल्या?"

"म्हणलं, एवढं तरी मागं राहते."

"मी बंद करतो हे. पोरीले कागद देऊन चुकी केली."

"जयंती होऊ द्या."

"ताई, पोरीले दम लागून राह्यला."

"तुमची नात हाय ती. समजते मले," ती म्हणाली. "पण माहा माणूस हाय ना तो. एकोणीस वर्षांनी खोकलला."

ती रडली नाही. टोपलं उचलताना म्हणाली, "उद्या चारलेच ना?"

मंग ती रोज यायला लागली. पायरीवर बसे, पदर कानामागं घेऊन. भाजी विकायची सोडून.

७

समता सकाळी सहाले पळते. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर आम्ही चुन्यानं खुणा केल्या आहेत. जाऊन-येऊन आठशे मीटर. मी दगडावर बसून मोबाईलवर टाइम लावतो, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले शिव्या देतो. मैदानी परीक्षा जयंतीच्या आठ दिवसांनी होती. मार्चच्या शेवटापर्यंत ती तीन मिनिटांच्या आत येत होती. त्या पोरीनं दोन वर्षं दुसरं काही मागितलं नाही. सण नाही, कपडा नाही. फक्त भरती.

कागद दिल्यापासून आठव्या दिवशी तीन मिनिटं चाळीस लागले. दहाव्या दिवशी ती पुरी आलीच नाही. परतीच्या वाटेवर कडुलिंबाखाली थांबली, वाकली, गुडघ्यावर हात. मी उठून गेलो.

"काय झालं व माय?"

ती तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून दम घेत होती. डावा हात छातीवर गेला अन् बोटं काही चाचपू लागली, जशी खिशात घालायची आहेत. तिच्या अंगात टी-शर्ट होता. त्याले खिसा नाही.

दीपक सदऱ्याच्या डाव्या खिशात रुमालात कापराची वडी ठेवी. दम लागला की काढून हुंगे.

"समता, काय शोधतं?"

तिनं हाताकडं पाह्यलं, जसा तो दुसऱ्याचा आहे. "काही नाही. आबा, झोप नाही झाली नीट."

तिले चिखलीले डॉक्टरकडं नेलं. त्यानं पुढून-मागून नळी लावली. "छाती साफ आहे आजोबा. घोड्यासारखी आहे पोरगी. परीक्षेचं टेन्शन घेतलं असेल." मले बरं वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत बरं वाटलं. बारा पायऱ्या होत्या. त्यात ती दोनदा थांबली.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी समताच्या पिशवीतून तो कागद काढून मी पाण्याच्या बंबात घातला. एकोणीस वर्षांमागं करायचं ते काम. कागद जुना, झटकन पेटला. मी उभा राहून पुरा राख होऊ दिला, अन् राखही काडीनं मोडली.

चार वाजता समता सॅक्सोफोन घेऊन उभी राह्यली. समोर कागद नाही.

"कुठी गेला, हरवला काय?" मी साळसूदपणे विचारलं.

"असू द्या. पाठ झालं आबा."

टाच दोनदा. पत्ती डाव्या बाहीले. पायरीवर सिंधूताईनं डोळे मिटले.

शेवटची ओळ आली तशी समता थांबली. दम पुरला नाही. हसली, पुन्हा धरली, पुन्हा थांबली. काल ती याच्या चार मात्रा पुढं थांबली होती. परवा त्याच्याही पुढं. मी बाजा तोंडाले लावून नुसता बसलो. दीपकचं शेवटी असंच झालं होतं. रोज थोडं अलीकडं. ते सुरू झाल्यापासून तो अठरा दिवस जगला.

मी म्हणलो, "उद्यापासून तू वाजवू नको."

"काऊन?"

"मी म्हणतो म्हणून."

"मी नाही वाजवलं तर बरं वाटत नाही आबा," ती म्हणाली. "इथं अडकल्यासारखं होते." अन् बोट छातीवर ठेवलं, डाव्या बाजूले, खिसा असते तिथं. "वाजवलं की जरा मोकळं होते."

जाताना सिंधूताई माह्याकडं न पाहता म्हणाली, "त्याले अर्ध्यात थांबवू नका भाऊ. पुरं वाजवून जाईन तो."

"जाईन, पण कोणाले घेऊन?" मी म्हणलो.

ती तशीच चालत गेली. त्याच्यानंतर ती आली नाही.

९

त्या दिवशी घरी पडल्या पडल्या मी मास्तरचा विचार केला. मास्तर असता तर त्यानं काय केलं असतं? कागद तर आता जाळूनही जात नव्हता. तो तिच्या आत होता. दीपकचा दम, दीपकच्या खुणा, दीपकच्या मापाचं सगळं. दुसऱ्याचा जोडा घातला की पाय त्याच्यासारखा पडते.

पण पोरीचा स्वतःचा कागद तर कोणी लिहिलाच नव्हता.

दीपकची जागा भरायची नाही, हा कायदा. चौदावी जागा करायची नाही, असं मास्तर कुठी म्हणला होता? मी आयुष्यात एक ओळ जोडली नाही. पण बेचाळीस वर्षं लोकांच्या बाजूले बसून त्यांचा दम ऐकला आहे. तेवढं मले येते.

दुसऱ्या दिवशी मी समताले तीन वाजताच आणलं. बाकीच्याईले यायला तास होता. शटर अर्धं खाली ओढलं. पहिल्या रांगेच्या टोकाले, जिथं कधी कोणी बसलं नाही, तिथं तिच्यासाठी खुर्ची मांडली. मी माह्या जागेवर बसलो, मांडीवर वही.

"बाजा घेऊ?"

"काही नको घेऊ. डोळे मीट. नुसता दम घे."

"हे काय नवीन, आबा?"

"मोठ्या माणसानं सांगितलं की उलटं बोलायचं नाही. बस."

ती हसली अन् बसली. बाहेर कोणी पोतं ओढत होतं, ते थांबलं. मी कान दिला. तिचा श्वास आत गेला, बाहेर आला. मी बोटावर मोजलं अन् वहीत खूण केली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

मंग अर्ध्या मात्रेनं मागं, दुसरा.

बारीक. शिटीवाला.

म्हणलं, तिचाच असेल, नाकात अडकला असेल. मी पाच वेळा मोजलं. तिचा पुढून येत होता, पहिल्या रांगेतून. दुसरा माह्या डाव्या हाताकडून. इतका जवळ की माह्या हातावरचे केस हलले.

मी तिकडं पाह्यलं नाही. फरशीवर पट्ट्या होत्या, तेवढ्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसल्या. एकीखाली एक, अन् मधल्या दोन तुटलेल्या, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या रुंद.

समताच्या कपाळावर घाम होता. तिचा श्वास आखूड व्हायला लागला, मागच्या श्वासाले धरून चालायला लागला. मी वहीत पहिलाच लिहीत गेलो. दुसरा एकदाही लिहिला नाही. 

मंग मी हळूच म्हणलो, "दीपक. तिचा नको बे. कागद मी ठेवून घेतला होता, तिनं नाही. पाहिजे तर माह्याजवळून घे."

 शिटी थांबली. बोळीतून एक सायकल गेली, घंटी वाजवत.

समताचे खांदे खाली आले. तिचा श्वास लांब झाला, नाकातून, दोन्हीकडून सारखा. ती लहान असताना माह्या कुशीत झोपे तेव्हा यायचा तसा. मी सहा मोजले, आठ मोजले, दहावर वहीत मोठी खूण केली. इतका दम आमच्या बँडात कोणालेच नव्हता.

तिनं डोळे उघडले अन् माह्याकडं पाह्यलं. हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही कायले दम धरून बसले?"

मी दम धरला नव्हता.